नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरगुती मत्स्यालयाविषयी, त्यातही खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी, प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. दगडांची मांडणी, दिव्यांची निवड आणि पाण्याचा प्रवाह यांविषयी लेखकाने दिलेली माहिती उपयोगी आहे आणि नवख्या माणसाला उमेद देणारीही आहे. मात्र 'टाकी भरल्यावर फिल्टर दोन दिवस चालवावा आणि पाणी नितळ झाले की मासे सोडावेत' असे जे एक वाक्य लेखाच्या शेवटी आले आहे, त्यावर गप्प राहणे मला पटत नाही. ते वाक्य प्रमाण मानून जे कोणी येत्या आठवड्यात टाकी मांडतील, त्यांच्यापैकी बहुतेकांचे मासे पंधरवडाभरसुद्धा टिकणार नाहीत, आणि मासे कशाने मेले हे त्यांना कळणारही नाही, कारण पाणी शेवटपर्यंत स्वच्छच दिसत राहील.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः नेमके असेच केले होते. टाकी भरली, मीठ विरघळवले, वाळूचा गढूळपणा दुसऱ्या दिवशी खाली बसला आणि पाणी इतके निवळले की टाकीत पाणी आहे की नाही अशी शंका यावी. तिसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या सल्ल्यानुसार चार मासे आणून सोडले. पहिले दोन दिवस त्यांनी व्यवस्थित खाल्ले, दगडांच्या कपारीही आपापसांत वाटून घेतल्या. सहाव्या दिवशी सकाळी चौघेही पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून होते, पर अंगाशी मिटलेले होते, आणि कल्ल्यांची झाकणे इतक्या वेगाने उघडझाप करीत होती की ती मोजता येईनात. त्याच दिवशी दुपारी मी पाणी तपासण्याचे आयुष्यातील पहिले टेस्ट किट आणले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकले आणि सांगितलेली मिनिटे थांबले. जो रंग पिवळा राहायला हवा होता, तो माझ्या डोळ्यांदेखत पोपटी आणि मग गडद हिरवा होत गेला. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले, रात्रीतून तिसरा गेला. टाकीचे पाणी तेव्हाही आरशासारखे होते.

त्या हिरव्या रंगाचे नाव अमोनिया. मासे श्वासाबरोबरच अमोनिया बाहेर टाकतात. त्यांच्या शरीरातील टाकाऊ नत्राचा बहुतांश भाग लघवीतून न जाता कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. त्याखेरीज विष्ठा, न खाल्लेले अन्न आणि दगडांवर मेलेले बारीक जीव कुजतात त्यांतूनही तोच तयार होतो. समुद्रात हा अमोनिया अथांग पाण्यात विरून जातो आणि तिथले सूक्ष्मजीव तो वापरून टाकतात. चार काचांच्या आत मात्र त्याला जायला वाट नसते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे त्यामानाने निरुपद्रवी आहे, आणि दुसरे मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि जाळतो. कोणत्या रूपाचे प्रमाण किती, हे पाण्याचा पीएच (म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) आणि तापमान यांवर ठरते. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. पण पीएच ८.२ आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्री पाण्यात तोच वाटा सहा-सात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे ज्या आकड्यावर गोड्या पाण्यातील मासा कसाबसा तग धरेल, त्याच आकड्यावर खाऱ्या पाण्यातील मासा दहापटीहून अधिक विषात पोहत असतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव असलेली माणसे खाऱ्या पाण्यात इथेच फसतात.

या विषाचा निकाल लावणारे काम फिल्टरचे यंत्र करीत नाही. ते फक्त पाणी फिरवते आणि कचरा अडवते. खरे काम दगड, वाळू आणि फिल्टरमधील मीडिया (म्हणजे त्यात भरलेला स्पंज किंवा सच्छिद्र खडे) यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहणारे सूक्ष्मजीव करतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ही दोन टप्प्यांची कामगिरी दोन वेगळ्या गटांची आहे, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखवून दिले, आणि तेव्हा त्यांचा अभ्यास मातीवर होता. मत्स्यालय बाळगणाऱ्यांना अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट २००५ सालची आहे. अमोनियावर जगणारा आणि जिवाणूंपासून वेगळ्या असलेल्या आर्किया या गटात मोडणारा 'नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस' हा सूक्ष्मजीव संशोधकांनी त्या वर्षी प्रथमच शुद्ध स्वरूपात वाढवला, तो सिएटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय समुद्री टाकीतील नमुन्यातून. त्याचे नातलग महासागरांत सर्वत्र विपुल आहेत, हेही पुढे स्पष्ट झाले. आपल्या टाकीतील दगडावर जी अदृश्य वस्ती बसते, ती समुद्रातील याच वस्तीची लहान शाखा असते, हे समजल्यावर मला त्या दगडांकडे बघण्याची दृष्टीच बदलल्यासारखे वाटले.

या वस्तीची अडचण एवढीच की ती सावकाश वाढते. अन्न नासवणारे सामान्य जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, तर अमोनिया आणि नायट्राइट यांवर जगणाऱ्यांना दुप्पट व्हायला अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. नव्या टाकीत ते मोजके असतात, म्हणून पुरेशी संख्या होईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे आणि कोरड्या दगडांनी सुरुवात केली असेल तर कधी आठ आठवडेही जातात. हा काळ पूर्ण करण्यालाच टाकी 'सायकल' करणे म्हणतात, आणि दोन दिवसांत ते होणे शक्य नाही. दोन दिवसांत फक्त धूळ खाली बसते.

वस्ती वाढायची तर तिला खाद्य हवे, म्हणजे अमोनिया हवाच. तो कुठून आणायचा, या प्रश्नापाशी माझा आग्रह सर्वांत जास्त आहे. अनेक वर्षे रूढ असलेली रीत अशी की डॅमसेलसारखे काटक मासे आधी सोडायचे, त्यांच्या टाकाऊ नत्रावर जिवाणू वाढू द्यायचे, आणि ते मेलेच तर 'ते त्यासाठीच होते' असे म्हणून पुढे जायचे. काटक मासा म्हणजे ज्याला वेदना होत नाही असा मासा नव्हे. तो फक्त मरायला जास्त दिवस घेतो. त्या काळात त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना झालेली इजा पुढे कित्येकदा भरून येत नाही आणि तो जगला तरी रोगाला लवकर बळी पडतो. शिवाय विक्रीस येणाऱ्या समुद्री माशांच्या बहुसंख्य जाती आजही प्रवाळ खडकांवरून पकडून आणल्या जातात. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास बंदिस्त टाक्यांत होते खरी, पण त्या थोड्या. नीट सांभाळलेला क्लाउनफिश किंवा डॅमसेल दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. अशा जीवाला चार आठवड्यांच्या कामासाठी वापरून टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते मुळीच आवश्यक नाही म्हणून तर ते अधिकच अन्यायाचे आहे.

आवश्यक नाही, कारण जिवाणूंना अमोनिया माशाकडूनच यावा अशी अट नाही. सर्वांत सोपा आणि मोजता येणारा मार्ग शुद्ध अमोनियम क्लोराइडचा आहे. दर लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया मिळावा यासाठी १०० लिटर पाण्यात हे क्षार सुमारे ०.६३ ग्रॅम पुरतात. चिमटीने अंदाज करू नये, लहान वजनकाट्यावर तोलून घ्यावे आणि आधी कपभर पाण्यात विरघळवून मग टाकीत ओतावे. टाकीत दगड आणि वाळू असल्याने प्रत्यक्ष पाणी काचेच्या मापापेक्षा बरेच कमी असते, याचेही भान ठेवावे. अमोनिया दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्याने काम लवकर होण्याऐवजी जिवाणूंचीच वाढ खुंटते. फरशी पुसण्यासाठी मिळणारे अमोनियाचे द्रावण वापरण्याचा सल्ला काही जण देतात. त्यात साबण किंवा सुगंध मिसळलेला असू शकतो, त्यामुळे बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर ते टाकीजवळसुद्धा नेऊ नये. क्षार मिळत नसतील तर माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकून ते कुजू देणे किंवा सोललेल्या कोळंबीचा एखादा तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून ठेवणे हाही मार्ग आहे. तो चालतो, पण त्यात अमोनिया किती तयार झाला यावर आपला ताबा राहत नाही आणि फॉस्फेट वाढून पुढे शेवाळाचा त्रास होतो.

माझ्या दुसऱ्या टाकीच्या वेळी मी एक वही घातली होती, ती अजून माझ्याकडे आहे. पहिले नऊ दिवस तिच्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा दिसते: अमोनिया २, नायट्राइट शून्य. या नऊ दिवसांत माणसाचा धीर सुटतो, कारण काहीच घडत नाही असे वाटते. दहाव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा फिकट जांभळी झाक आली. सोळाव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला, पण नायट्राइट तक्त्यावरच्या सर्वांत गडद रंगाच्याही पलीकडे गेले होते, इतके की पाण्याचा नमुना पातळ करून मोजावा लागला. मग जवळजवळ तीन आठवडे नायट्राइट जागचे हलले नाही. दुसरा गट पहिल्यापेक्षा मागाहून आणि बहुधा रेंगाळत येतो. अडतिसाव्या दिवशी ते अर्ध्यावर आले आणि चाळिसाव्या दिवशी शून्य. एवढ्या दिवसांच्या रखडपट्टीनंतर दोन दिवसांत सगळे निवळले, हे पाहून मी ती चाचणी पुन्हा केली होती, कारण किटमध्येच काही बिघाड झाला असावा अशी मला शंका आली.

तरीही शून्य आकडा एकदा आला म्हणजे टाकी तयार झाली असे नाही. पुन्हा तेवढाच, म्हणजे दर लिटरला २ मिलिग्रॅम, अमोनिया घालावा आणि बरोबर चोवीस तासांनी दोन्ही चाचण्या घ्याव्यात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील, आणि हेच दुसऱ्या व तिसऱ्या खेपेलाही झाले, तरच टाकी तयार समजावी. पडताळ्यासाठी नायट्रेट मोजावे: २ मिलिग्रॅम अमोनिया पूर्णपणे पुढे सरकला तर सुमारे ७ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते, तेव्हा प्रत्येक खेपेला नायट्रेटचा आकडा साधारण तेवढा चढलेला दिसायला हवा. अमोनिया नाहीसा झाला पण नायट्रेट वाढले नाही, तर कुठली तरी चाचणी चुकते आहे. सायकल पुरी झाली हे तारखेवरून ठरवू नये, नळीतल्या रंगावरून ठरवावे.

चाचण्या चुकतात, आणि त्या कुठे चुकतात हे किटच्या कागदावर ठळकपणे लिहिलेले नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. घरगुती किट एकूण अमोनिया मोजते, म्हणजे निरुपद्रवी आणि विषारी दोन्ही रूपे एकत्र. त्यामुळे शून्याखेरीज कोणताही आकडा 'चालण्याजोगा' मानू नये. काही किटांत अगदी निर्दोष पाण्यालाही किंचित हिरवट छटा येते. अशा वेळी ताज्या मिसळलेल्या, टाकीत कधी न गेलेल्या खाऱ्या पाण्याची चाचणी शेजारी करावी आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात ताडून पाहाव्यात. टाकीच्या निळ्या दिव्याखाली हे रंग वाचताच येत नाहीत. नायट्रेटच्या चाचणीत किट आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग तेच मोजते, म्हणून सायकलच्या मधल्या काळात पाण्यात नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा फसवा आणि फुगलेला येतो. तो तेव्हा नोंदवू नये हे बरे. याच चाचणीच्या एका बाटलीतील द्रव तळाशी बसतो आणि ती अर्धा मिनिट जोराने हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. काही किटे नायट्रेट आयनाच्या रूपात मोजतात, तर काही फक्त त्यातील नत्राच्या. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४ ने गुणल्यावर पहिला मिळतो. बाटलीवरची मुदत पाहावी, आणि किट खाऱ्या पाण्यासाठी आहे का तेही पाहावे, कारण एकाच किटात गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे रंगतक्ते वेगळे असू शकतात.

पाण्यातील मीठ हा दुसरा मोठा विषय. लेखात 'मीठ चवीप्रमाणे समुद्राइतके' असा उल्लेख होता, तो बहुधा सुलभतेसाठी असावा, पण मासे चवीवर जगत नाहीत. समुद्राच्या पाण्यात एका किलोग्रॅममध्ये सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. २५ अंशांना त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास येते. हे क्षार म्हणजे नुसते खायचे मीठ नव्हे, तर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट यांसह तयार केलेले समुद्री मिश्रणच हवे. ते वेगळ्या पिंपात, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि हीटर लावून मिसळावे, चांगले एक दिवस फिरू द्यावे, आणि मगच मोजावे. पाणीही शक्यतो आरओ आणि त्यापुढील, उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय गाळणीतून आलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) शून्याजवळ असलेले असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन किंवा क्लोरामाइन जिवाणूंना मारते, त्यातील फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला खाऊ घालतात, आणि जुन्या नळ्यांतून उतरलेले तांबे कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

मोजण्याचे साधन म्हणून प्लॅस्टिकचा हलता काटा असलेले हायड्रोमीटर स्वस्त आणि सोयीचे असते; पण त्याच्या काट्याला हवेचा एक बारीक बुडबुडा चिकटला की ते खारटपणा असतो त्याहून जास्त दाखवते. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, मात्र तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार असलेल्या) प्रमाणित द्रावणावर लावून घेतलेला असावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावले की वरच्या आकड्यांत चूक राहून जाऊ शकते. आणि एक गोष्ट नवख्या माणसाच्या फार उशिरा लक्षात येते: बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ जात नाही. १०० लिटरच्या टाकीतून पाच लिटर पाणी उडाले तर ३५ चे जवळपास ३७ होतात. म्हणून रोजची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची घालावी. खारे पाणी फक्त पाणी बदलतानाच वापरावे.

पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राहावा, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण तो ज्याच्या आधारावर टिकतो ती अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, फार थोडे लोक मोजतात. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते अल्कलिनिटी खात जाते. ती डीकेएच या एककात मोजतात; दर लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया जिरताना सुमारे ०.७ डीकेएच कमी होते. सायकलच्या काळात अशा चार-पाच खेपा झाल्या की ८ वर सुरू झालेली टाकी ५ च्या खालीही येते, पीएच घसरतो आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या जिवाणूंचेच काम मंदावते. सायकल मध्येच अडली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी अल्कलिनिटी मोजून पाहावी. ७ ते ११ डीकेएच या पट्ट्यात ती असावी. या सूक्ष्मजीवांना प्राणवायूही भरपूर लागतो, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवावा. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर हे आकडे प्रवाळ ठेवणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहेत; केवळ मासे ठेवणाऱ्याने सुरुवातीला त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

जिवाणूंच्या बाटल्या आणि लाइव्ह रॉक (जिवंत सूक्ष्मजीव व बारीक जीव वसलेला दगड) यांविषयी मला नेहमी विचारले जाते. प्रस्थापित, निरोगी टाकीतील मीडिया किंवा दगडाचा तुकडा ओलाच आणून ठेवला तर कालावधी निश्चित घटतो. जुन्या टाकीचे नुसते पाणी आणून मात्र काही साधत नाही, कारण जिवाणू पृष्ठभागावर राहतात, पाण्यात फारसे नसतात. बाटलीतील जिवाणूंनीही मदत होते, जर ते योग्य तापमानात साठवलेले आणि जिवंत असतील तर. लाइव्ह रॉकवरील काही जीव वाहतुकीत मरतात आणि तो दगड स्वतःच अमोनिया सोडू लागतो, तेव्हा तो आणल्यावरही थांबणे आलेच. यांतील कोणत्याही मार्गाने चाचणी टळत नाही, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन.

टाकी तयार झाल्यावर साचलेले नायट्रेट उतरवण्यासाठी अर्धे पाणी बदलावे. मासे असलेल्या टाकीत ते दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत राहिलेले बरे. मग एक किंवा दोन लहान मासे आणावेत, तेही शक्य तर वेगळ्या टाकीत काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवून, आणि पुढची भर किमान दोन आठवड्यांनी घालावी, कारण जिवाणूंची वस्ती मिळणाऱ्या खाद्याच्या प्रमाणातच राहते आणि वाढलेल्या भाराला पुरे पडायला तिला अवधी लागतो. पिशवीतून आलेला मासा सोडतानाही रसायनशास्त्र सुटत नाही. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि त्यामुळेच तिथला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून आपण तासभर थेंब-थेंब टाकीचे पाणी घालत बसलो की पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाच्या भोवती विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच तापमान जुळवून घ्यावे, खारटपणा दोन्हीकडे सारखा असेल तर उघडल्यावर वेळ घालवू नये, आणि पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

संपादक महोदय, माझी विनंती अशी आहे की येत्या रविवारच्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती लेखाइतक्याच ठळकपणे छापावी, आणि यापुढे मत्स्यालयावरील कोणत्याही लेखात माशांच्या छायाचित्रांच्या आधी टेस्ट किटचा उल्लेख यावा. विक्रेत्यांनाही माझी विनंती आहे की नवी टाकी विकताना तिच्याबरोबर त्याच आठवड्यात मासे देऊ नयेत. महिनाभर थांबलेल्या ग्राहकाचे मासे जगतात आणि तो पुन्हा त्याच दारी येतो.

आणि लेख वाचून ज्यांनी आधीच मासे सोडले आहेत त्यांच्यासाठी: आज अमोनिया मोजावा. नळीत हिरवी छटा असेल तर खारटपणा आणि तापमान जुळवलेल्या नव्या पाण्याने निम्मे पाणी लगेच बदलावे, दोन दिवस खाद्य देऊ नये आणि पुढे अगदी कमी द्यावे, पाण्याचा पृष्ठभाग अधिक हलता ठेवावा, अमोनिया बांधून ठेवणारे औषध मिळाल्यास त्यावरील मात्रेनुसार घालावे आणि ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतील मीडियाचा तुकडा मागून आणावा. पीएच वाढवणारे काहीही या काळात घालू नये, त्याने विष वाढते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्यावा. रोज सकाळी दोन्ही चाचण्या करून तारखेसह लिहून ठेवाव्यात, अमोनिया पुन्हा दिसला की पुन्हा पाणी बदलावे, आणि दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिल्याशिवाय नवा मासा आणू नये. माझा चौथा मासा अशाच रोजच्या पाणीबदलांवर वाचला आणि त्यानंतर सात वर्षे जगला.

आपली विश्वासू,
एक वाचक